सुलतानाची मय्यत, आपला चालिसवा

२०२० च्या जानेवारीतली ११ तारीख. शनिवार होता. सकाळचा चहा गॅसवरून उतरवत होते, तेवढ्यात मस्कतहून धाकट्या दिरांचा फोन आला.

"भाभी, इथले सुलतान काबूस गेले. रात्री इंतकाल झाला. आजपासून तीन दिवस सगळी कामं बंद."

आम्ही इन्ना लिल्लाह म्हटलं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, फोन हातात घेतला आणि विचारलं, "मग मय्यत कधी? बाहेरचे राजे, पंतप्रधान येतील. दोन-चार दिवस तरी ठेवतील ना?"

"नाही अम्मी, आजच दफन."

संध्याकाळी पुन्हा फोन आला. मस्कतच्या मोठ्या मशिदीत जनाजाची नमाज झाली, घाला भागातल्या घराण्याच्या कब्रस्तानात दफन झालं, टीव्हीवर सगळं दाखवलं. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षं राज्य केलेला माणूस एका दिवसात मातीआड झाला. आणि आपण..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. आदल्या ऑक्टोबरमध्ये आमचे सासरे, अब्बा, अल्लाहला प्यारे झाले होते. त्यांच्या चालिसव्याला आम्ही गावजेवण घातलं. तीन देग बिर्याणी, मंडप, खुर्च्या, बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय. पैसे उसने घेतले होते आणि ते दर महिन्याला मस्कतहून दीर फेडत होते. तेच दीर अब्बांच्या जनाजाला येऊ शकले नव्हते. रजा मागितली, तर साहेबाने काम अडल्याचं सांगून पुढच्या महिन्यावर ढकललं.

"अब्बांसाठी मला एक दिवस मिळाला नाही, भाभी," ते त्या शनिवारी म्हणाले, "आणि आज सुलतानासाठी तीन दिवस खोलीवर बसून आहे."

त्या एका वाक्याने मला विचारात पाडलं. दुःख किती दिवसांचं असावं? ते कोण ठरवतं? राजाच्या मरणात आणि आपल्या घरातल्या मरणात फरक तो काय? या प्रश्नांची उत्तरं शोधताना जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

मस्कत : एक पाकीट, एक दिवस

सुलतान काबूस १९७० साली ओमानच्या गादीवर आले. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांची चूल ज्या आखाती देशांच्या कमाईवर पेटते, त्यांतला हा एक. रस्ते, शाळा, दवाखाने त्यांच्याच काळात झाले, म्हणून लोकांना त्यांच्याबद्दल मनापासून माया होती. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि वारसही जाहीर केलेला नव्हता. १९९६ च्या राज्याच्या कायद्यात असं ठरलं होतं की, गादी रिकामी झाल्यावर घराण्याने तीन दिवसांत नवा सुलतान निवडावा. एकमत झालं नाही, तर सुलतानाने लिहून ठेवलेलं बंद पाकीट उघडावं.

घराण्याने वाद घातला नाही. आमचं मत तेच, जे त्यांनी लिहून ठेवलं असेल, असं म्हणून पाकीट उघडायला सांगितलं. कॅमेऱ्यांसमोर ते फोडलं गेलं आणि त्यात चुलतभाऊ हैसम बिन तारिक यांचं नाव निघालं. त्याच दिवशी त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी दफन झालं. परदेशी पाहुणे त्यानंतर आले, पुरसा द्यायला. त्यांच्यासाठी मय्यत थांबवली गेली नाही.

सरकारी दुखवटा तीन दिवसांचा होता. झेंडा मात्र ४० दिवस अर्ध्यावर राहिला. आपल्या भारत सरकारनेही १३ जानेवारीला एक दिवसाचा दुखवटा पाळला. दोन वर्षांनी, १३ मे २०२२ ला, संयुक्त अरब अमिरातीचे अध्यक्ष शेख खलिफा गेले, तेव्हाही तसंच झालं. दफन त्याच दिवशी, कामकाज तीन दिवस बंद, झेंडे ४० दिवस खाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झेंडा चाळीस दिवस खाली ठेवणं हा सरकारी शिष्टाचार आहे, दीनचा हुकूम नाही. राज्य आपल्या माणसाचा मान कसा राखतं, त्याची ती पद्धत. तिचा संबंध मय्यतीच्या सवाबाशी जोडता येत नाही.

रियाध : नाव नसलेली कबर

सौदी अरबची रीत याहून साधी. शाह अब्दुल्लाह यांचा इंतकाल २३ जानेवारी २०१५ ला, शुक्रवारी पहाटेपूर्वी झाला. त्याच दिवशी असरनंतर रियाधच्या इमाम तुर्की बिन अब्दुल्लाह मशिदीत जनाजाची नमाज झाली. मय्यत साध्या कफनात होती. ना सोन्याची पेटी, ना तोफगाडा. तिथून ती अल-ऊद कब्रस्तानात नेली. शाह फैसल १९७५ मध्ये, शाह खालिद १९८२ मध्ये, शाह फहद २००५ मध्ये इथेच दफन झाले. त्यांचे वालिद शाह अब्दुल अझीझही इथेच आहेत. राजाच्या कबरीवर नाव नाही, घुमट नाही. शेजारी सामान्य माणसांच्या कबरी आहेत, तशीच मातीची ही एक.

राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला नाही. सौदी झेंडाही उतरला नाही. त्यावर कलिमा लिहिलेला आहे, म्हणून तो कुणासाठीच अर्ध्यावर आणत नाहीत. गंमत अशी की, त्याच वेळी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीवरचा झेंडा शाह अब्दुल्लाह यांच्यासाठी अर्ध्यावर आणला गेला आणि त्यावरून तिथे बरीच टीकाही झाली. ज्याचा राजा गेला त्या देशाचा झेंडा वर, आणि परक्या देशाचा खाली!

कुणी म्हणेल, कबर साधी, पण महालांचं काय? प्रश्न खरा आहे. साध्या कबरीने हयातभरचा थाट पुसला जात नाही, आणि राज्य कसं केलं याचा हिशेब तर अल्लाहसमोर द्यायचाच आहे. पण निदान मय्यतीच्या वेळी तिथे राजा आणि हमाल यांच्यात फरक केला जात नाही. एवढी गोष्ट आपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

लंडन : लांबच लांब रांग

राणी एलिझाबेथ यांचं निधन ८ सप्टेंबर २०२२ ला झालं आणि अंत्यविधी १९ सप्टेंबरला. मधल्या काळात शवपेटी चार दिवसांहून अधिक वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवली होती. सुमारे अडीच लाख लोक तिच्यासमोरून गेले. थेम्स नदीच्या काठाने रांग मैलोनमैल पसरली, काहींना रात्रभर उभं राहावं लागलं. भारतातही ११ सप्टेंबरला एक दिवसाचा दुखवटा होता.

या रांगेला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. त्यातली कितीतरी माणसं खऱ्या दुःखाने आली होती. कुणाला आपली आजी आठवली असेल, कुणाला आपली आई. रांगेत अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली, एकमेकांना चहा-पाणी दिलं. माणसाला दुःख वाटून घ्यावंसं वाटतं, ही गोष्ट जगभर सारखी आहे.

पण दुसरी बाजूही आहे. अंत्यविधी आणि त्याच्या बंदोबस्ताचा सरकारी खर्च सुमारे १६ कोटी २० लाख पौंड झाल्याचं तिथल्या सरकारनेच पुढे जाहीर केलं. अंत्यविधीच्या दिवशी सुट्टी होती, म्हणून कित्येक रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. एकाच्या मानासाठी दुसऱ्याचा इलाज थांबला.

त्या सोहळ्यातलं एक दृश्य मात्र विसरता येत नाही. विंडसरच्या चर्चमध्ये पेटी खाली उतरवण्याआधी तिच्यावरचा मुकुट, राजदंड आणि सोन्याचा गोल एकेक करून उचलून बाजूला ठेवले. पेटी खाली गेली ती या सगळ्याविना. रियाधमध्ये जे मातीने सांगितलं, तेच इथे सोहळ्याला शेवटी सांगावं लागलं.

थायलंडमध्ये तर दुखवटा वर्षभर चालला. राजे भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ ला वारले आणि त्यांचा दाहसंस्कार २६ ऑक्टोबर २०१७ ला झाला. सरकारी नोकरांना वर्षभर काळे कपडे घालायचे होते. बाजारात काळं कापड मिळेना, तेव्हा लोक असलेले कपडे काळ्या रंगात बुडवून घेऊ लागले. गरिबाने दुसरा जोड कुठून आणायचा? शेवटी काळी फीत लावली तरी चालेल, असं सांगावं लागलं.

मदीना : चार तकबीर

आता आपल्या दीनने काय शिकवलं, ते पाहू.

हबशा देशाचा राजा नजाशी. मक्केत छळ झाला तेव्हा मुसलमानांच्या छोट्या काफिल्याला त्याने आसरा दिला. हजरत जाफर (रजि.) यांच्या तोंडून सूरह मरयमच्या आयती ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इस्लामवर एवढे उपकार असलेला हा राजा वारला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच दिवशी सहाबांना खबर दिली, त्यांना नमाजच्या मैदानात नेलं, रांगा लावल्या आणि चार तकबीर म्हणून जनाजाची नमाज पढवली. एका राजाला मदीनेने दिलेला निरोप तो एवढाच. शेकडो मैलांवरच्या माणसासाठी मगफिरतची दुआ, याहून मोठा मान तो कोणता?

याच घटनेच्या आधाराने शाफई आणि हंबली आलिम गायबाना जनाजाची नमाज जायज मानतात. हनफी आणि मालिकी आलिम ती नजाशीसाठी खास होती असं म्हणतात. म्हणून कोकणातल्या शाफई मशिदींत अशी नमाज होते आणि देशावर, मराठवाड्यात सहसा होत नाही. दोन्हींकडे दलील आहे, भांडण करण्याचं कारण नाही. आमच्या दिरांनी मस्कतच्या खोलीवर चार कोकणी सोबत्यांना घेऊन अब्बांची गायबाना नमाज पढली होती. "तेवढ्याने जरा हलकं वाटलं," असं ते सांगत.

दुसरी घटना प्रेषितांच्या (स.) स्वतःच्या घरातली. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या जाण्याने सूर्यसुद्धा काळवंडला. एखाद्या राजाच्या दरबारात ही गोष्ट किती रंगवून लिहिली गेली असती! पण प्रेषितांनी (स.) लोकांना जमवून साफ सांगितलं की, सूर्य आणि चंद्र कुणाच्या मरणामुळे किंवा जन्मामुळे झाकोळत नाहीत, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत. मुलगा गेलेल्या बापाने, स्वतःच्या दुःखाच्या दिवशी, स्वतःच्या घराण्याचा खोटा मोठेपणा नाकारला. अश्रूंना परवानगी दिली, देखाव्याला दिली नाही.

तिसरी गोष्ट, दिवसांची. कुणाच्याही मौतीचा शोक तीन दिवसांपेक्षा जास्त पाळू नये, फक्त पत्नीने पतीसाठी चार महिने दहा दिवस, असं हदीसमध्ये आलं आहे. हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांचे वालिद अबू सुफियान वारले, तेव्हा तीन दिवसांनंतर त्यांनी सुगंध मागवून लावला. मला याची हौस नाही, पण प्रेषितांचा (स.) हुकूम आहे म्हणून लावते, असं त्यांनी सांगितलं. याचा अर्थ दुःख तीन दिवसांत संपतं असा नाही. मनातलं दुःख कोण मोजणार? संपायला हवा तो दुःखाचा रिवाज. चौथ्या दिवशी माणसाने दार उघडावं, कामाला लागावं, मुलांना शाळेत पाठवावं.

आणि हजरत अबू बक्र (रजि.)? मुसलमानांचे पहिले खलीफा. शेवटच्या दुखण्यात त्यांनी अंगावरच्या जुन्या कपड्याकडे पाहून सांगितलं की, हाच धुवून कफनात वापरा. हजरत आयशा (रजि.) म्हणाल्या, हा तर जुना झाला. तेव्हा त्यांचं उत्तर होतं की, नव्या कपड्याची गरज मेलेल्यापेक्षा जिवंत माणसाला जास्त असते.

आपलं घर : कुणाच्या पैशाने?

आता आपल्या मोहल्ल्यात येऊ.

हजरत जाफर (रजि.) मूताच्या लढाईत शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितलं होतं की, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, त्यांच्यावर दुःखाचा प्रसंग आला आहे. म्हणजे जेवण शेजाऱ्यांच्या घरातून मय्यतीच्या घरी जावं. आपण ते उलटं केलं. मय्यतीच्या घरातून सगळ्या गावाला जेवण. जियारतीला एक, दसव्याला एक, चालिसव्याला मोठं. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची रिवायत आहे की, मय्यतीच्या घरी गोळा होणं आणि तिथे जेवण बनणं आम्ही विलापातच मोजत असू. हनफी फिकहचे मोठे आलिम इब्ने हुमाम यांनीही अशा दावतीला नापसंत ठरवलं आहे, कारण दावत आनंदाच्या प्रसंगाची असते, दुःखाच्या नव्हे.

मय्यतीसाठी दुआ, कुरआनचं पठण, गरिबाला सदका, याला माझा विरोध नाही. ते करावंच. प्रश्न एवढाच की, देग कुणाच्या पैशाने चढते?

शरीअतने मय्यतीच्या मालाचा क्रम ठरवून दिला आहे. आधी कफन-दफनचा साधा खर्च. मग तिच्या अंगावरचं कर्ज. मग वसीयत, तीही जास्तीत जास्त एक तृतीयांश मालातून. उरलेलं वारसांचं. या क्रमात गावजेवण कुठेच नाही. वारसांमध्ये लहान मुलं असतील, तर त्यांच्या हिश्शाला हात लावायचा हक्क कुणालाही नाही, त्यांच्या आईलाही नाही. यतीमाचा माल नाहक खाणाऱ्यांबद्दल कुरआनने सूरह निसामध्ये किती कडक इशारा दिला आहे, ते आपण सगळे जाणतो. तरी रिक्षा चालवणारा तरुण बाप गेल्यावर त्याच्या तीन पोरांच्या घरी आपण चालिसव्याला जातो आणि बिर्याणीत मीठ कमी की जास्त, यावर बोलतो. मीही बोलले आहे. अल्लाह माफ करो.

कर्जाचंही तसंच. एका कर्जदार मय्यतीची नमाज पढवायला प्रेषित (स.) थांबले होते. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी कर्जाची जबाबदारी घेतली, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. मय्यतीचं कर्ज फिटण्याची एवढी काळजी, आणि आपण मय्यतीच्या नावाने नवं कर्ज काढतो!

"लोक काय म्हणतील?" हा शब्द या सगळ्याच्या मुळाशी आहे. अब्बांच्या वेळी आमच्या घरात तोच शब्द बोलला गेला. अम्मींना जेवणावळ नको होती, मलाही नको होती. पण जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि देग चढली.

अम्मींचं पाकीट

सुलतान काबूस गेले त्या आठवड्यात अम्मींनी माझ्या मुलीला वही घेऊन जवळ बसवलं. स्वतः सांगत गेल्या, ती लिहीत गेली. कागद घडी घालून पाकिटात ठेवला आणि पाकीट कपाटात. "सुलतानाने ठेवलं होतं, मग मी का नको?" असं म्हणून हसल्या.

२०२३ च्या पावसाळ्यात अम्मी गेल्या. सकाळी इंतकाल झाला आणि जोहरनंतर जनाजा उठला. दीर मस्कतहून निघाले होते, पण त्यांच्यासाठी थांबायचं नाही, असं पाकिटात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं : कफन मी हजहून आणलेलं कपाटात आहे, नवं आणू नका. भाजीवालीचे ३४० रुपये द्यायचे आहेत. माझ्या दोन बांगड्या आहेत, त्या वारसांत शरीअतप्रमाणे वाटा. चालिसव्याला देग चढवू नका. कुणी बोललं तर माझं नाव सांगा.

जनाजाच्या नमाजआधी माझ्या मिस्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं की, अम्मींचं कुणाचं देणं राहिलं असेल तर सांगावं. भाजीवाली मशिदीत कशी येणार? मीच दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. ती पैसे घेईना. "त्यांनी लिहून ठेवलंय," म्हटल्यावर घेतले आणि पदराने डोळे पुसले.

तीन दिवस शेजारच्या घरांतून डबे आले. तिसऱ्या दिवशी दीर पोहोचले. थेट कब्रस्तानात गेले, खूप रडले, दुआ केली. चौथ्या दिवशी मुलं शाळेत गेली. चाळिसाव्या दिवशी घरच्यांनी मिळून कुरआन पढला. दीर आणि माझे मिस्टर यांनी आपापल्या कमाईतून थोडे पैसे काढले आणि मोहल्ल्यातल्या दोन यतीम मुलींची वर्षाची शाळेची फी भरली.

लोक बोलले का? दोघं-तिघं बोलले. पण त्यानंतरच्या महिन्यात शेजारच्या खाला आमच्याकडे आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि जाताना हळूच विचारलं, "अम्मींचा तो कागद जरा दाखवशील? आमच्या यांच्याकडूनही लिहून घ्यावं म्हणते."

मी कागद दिला. त्यांच्या सुनेने तो वहीत उतरवून घेतला.

अल्लाह आपल्या सगळ्या मरहूमांची मगफिरत करो, आणि मागे राहिलेल्यांना सब्र देवो. आमीन.